दारव्ह्याकडे ॲडव्हेंचर टूरर घ्यायची आहे: हिमालयन ४५०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स की जुनी ४११?

दारव्हा_धुरा

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात आहे. १५० सीसी विकून ॲडव्हेंचर टूरर (खराब रस्त्याला आणि लांबच्या प्रवासालाही चालणारी मोटरसायकल) घ्यायचा विचार करून राहिलो. वापर असा: गावापासून शेतापर्यंत साडेतीन किमी पांदण, काळी माती, अर्ध्या भागात मुरूम टाकलेला. आठवड्यातून दोन-तीनदा यवतमाळ. वर्षातून एक-दोन मोठे प्रवास, मागे सौ. आणि सामान: चिखलदरा-सेमाडोह, लोणार, भामरागड-सिरोंचा, जमलं तर पचमढी.

उंची ५ फूट ६ इंच, वजन ६६ किलो. बजेट साडेतीन लाख, त्यातच क्रॅश गार्ड, कॅरिअर, हेल्मेट-जॅकेट बसवायचं आहे. अधिकृत सर्व्हिससाठी ४० किमी जावं लागेल, गावात फक्त पंक्चरवाला आणि एक जुना मिस्त्री. डोक्यात रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि सेकंडहँड हिमालयन ४११ आहेत. केटीएम ३९० पण पाहिली. नेमकं काय पाहून ठरवावं?

---

काळी_माती_२९

भाऊ, आधी पैशाचं बघा, मग यादी आपोआप लहान होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीवरच्या जीएसटीचे दोन भाग झाले. ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. कराआधीची किंमत दोन लाख धरली तर ३५० च्या आतली गाडी २ लाख ३६ हजारांना पडते आणि वरची २ लाख ८० हजारांना. म्हणजे ४४ हजारांचा फरक फक्त कराचा. हिमालयन ४५० चं इंजिन ४५२ सीसी, नव्या ३९० ॲडव्हेंचरचं ३९९ सीसी, दोन्ही ४० टक्क्यांत. व्ही-स्ट्रॉम एसएक्स २४९ सीसी, हिरोची एक्सपल्स २१० आणि येझदी ॲडव्हेंचर ३३४ सीसी, या तिन्ही १८ टक्क्यांत.

विम्यातही तीच रेघ आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७ रुपये, वर त्यावरचा कर. स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा, तो गाडीच्या किमतीवर जातो. हिमालयन ४५० ची एक्स-शोरूमच तीन लाखांच्या वर आहे. रोड टॅक्स, विमा, नोंदणी धरून साडेतीन लाख शोरूममध्येच संपतील आणि हेल्मेट-जॅकेटला काही उरणार नाही. कोटेशन घेताना 'हँडलिंग चार्ज', 'ॲक्सेसरी पॅकेज', 'टेफ्लॉन कोटिंग' या ओळी वेगळ्या लिहून मागा. पहिली काढायलाच सांगा आणि बाकीच्या दोन नको असतील तर नको म्हणा.

आता वजन. हिमालयन ४५० भरल्या टाकीसह १९६ किलो, व्ही-स्ट्रॉम १६७. फरक २९ किलोचा. डांबरी रस्त्यावर तो कळतही नाही. पण पांदणीत गाडी आडवी झाली आणि पायाखाली गारा असला की एकट्या माणसाला १९६ किलो उचलणं भारी जातं. तुमचा पांदणीचा वापर वर्षभराचा आहे आणि भामरागड वर्षातून एकदा. रोजच्या वापराला जास्त वजन द्या.

सीटची उंची हिमालयनची ८२५ मिमी (वर ८४५ करता येते, कंपनीची लो सीट घेतली तर ८०५), व्ही-स्ट्रॉमची ८३५. आकड्यात व्ही-स्ट्रॉम उंच दिसते, पण हलकी असल्यामुळे एका पायावर सांभाळता येते. ट्रायल घेताना प्रवासात घालणार तेच बूट घाला, मागे वहिनींना बसवा आणि शोरूमच्या रॅम्पवर तिरकी उभी करून बघा. सपाट फरशीवर बसून काहीच समजत नाही.

हायवेचं मात्र खरं सांगतो. व्ही-स्ट्रॉमचा टॉर्क (इंजिनची ओढ) २२.२ न्यूटन-मीटर आणि तोही ७,३०० आरपीएमला. हिमालयनचा ४० आणि ५,५०० ला. दोघं आणि सामान घेऊन वडनेर-पांढरकवडा पट्ट्यात ट्रकची रांग ओलांडायची असेल तर व्ही-स्ट्रॉमला एक-दोन गिअर खाली घ्यावेच लागतात. ८०-८५ ला निवांत चालते. ज्याला ११० नी दिवसभर जायचं आहे त्याने ती घेऊ नये. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा 'मोठा हायवे आहे म्हणून मोठं इंजिन' हा हिशोब तिथे लावू नका. तुमचा रस्ता यवतमाळ-वर्धा-नागपूरचा.

---

स्पोक_आणि_ट्यूब

वरचं सगळं बरोबर. पण आपल्याकडे हॉर्सपॉवरच्या आधी टायर बघावा. यवतमाळ, वाशीम, अकोला, कुठेही घ्या. पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळी, आणि डिसेंबरनंतर पऱ्हाटी-तूर निघाली की तिरपे कापलेले खुंट. गाडीची खरी परीक्षा तिथे होते.

बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये घुसला तर बहुतेक वेळा स्वतःच भोक बुजवून बसतो आणि हवा हळूहळू जाते. तो शेतात उपसू नका. घरी या, पट्टी (भोकात ठोसायची रबरी दोरी) आणि रीमर (भोक साफ करायचं टोकदार हत्यार) हाताशी ठेवा, मगच पकडीने काढा. तुरीचा खुंट मात्र बहुधा टायरच्या बाजूच्या भिंतीला लागतो. तिथे पट्टी टिकत नाही, टिकली तरी तिच्यावर प्रवास करू नये. म्हणून ट्यूबलेस गाडी असली तरी लांबच्या प्रवासात ट्यूब सोबत हवीच.

आता ट्यूबवाल्या स्पोक चाकाचं. हिमालयन ४५० सुरुवातीला ट्यूबवालीच आली होती, ट्यूबलेस स्पोक चाकं २०२४ मध्ये मिळायला लागली. घ्यायचीच असेल तर तीच घ्या. ट्यूबवाली असेल तर पंक्चरची पद्धत पाठ पाहिजे, कारण गावातल्या दुकानदाराच्या हाताला १०० सीसीचं चाक सवयीचं असतं. १४० रुंदीचं मागचं चाक, डिस्क आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग घेऊन समोर आलं की तो हातोडा उचलतो. तिथे उभं राहून लक्ष द्या.

एक, मागचा ॲक्सल काढण्याआधी चेन-ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंनी खडूने मारून घ्या. दोन, चाक बाहेर असताना कोणी ब्रेक दाबला तर पॅड चिकटून बसतात आणि डिस्क परत जात नाही. कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. तीन, चाक जमिनीवर ठेवताना डिस्क वर, आणि एबीएस रिंगच्या बाजूने टॉमी (टायर काढायचा लोखंडी दांडा) लावू नका. रिंग वाकली की डॅशवर एबीएसचा दिवा पेटतो आणि गावात त्याला इलाज नाही. चार, बीड (टायरची रिमवर बसणारी कड) सुटत नसेल तर हातोड्याऐवजी दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर ठेवून ती गाडी तिरपी दाबा. पाच, ट्यूब काढल्यावर टायरच्या आत कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं टोक अर्धा मिलिमीटर जरी आत राहिलं असलं तरी कापूस तिथे अडकतो. बोट फिरवून ते सापडत नाही, सापडलं तर रक्तच निघतं. ही पायरी गाळली की नवी ट्यूब पाच किमीत पुन्हा बसते आणि माणूस ट्यूबच्या कंपनीला शिव्या देतो.

नवी ट्यूब घालताना आधी थोडी हवा भरून गोल करा, साबणाचं पाणी लावा आणि व्हॉल्व्हचा बारीक नट रिमला घट्ट आवळू नका. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि घट्ट नट असला की व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. त्याला ठिगळ लागत नाही.

जागा एकाच ट्यूबची असेल तर पुढच्या चाकाची घ्या. २१ इंची ट्यूब अडचणीत मागच्या १७ मध्ये घडी सांभाळून बसते आणि ५० च्या वेगाने घरापर्यंत आणते. १७ ची पुढे बसत नाही.

आणखी एक गोष्ट शोरूमवाला सांगत नाही. हिमालयनचा पुढचा टायर ९०/९०-२१. तो तालुक्याच्या ठिकाणी सहसा शेल्फवर नसतो, मागवावा लागतो. व्ही-स्ट्रॉमचा पुढचा १००/९०-१९, आणि हाच साइज क्लासिक ३५० ला पुढे येतो. आज बुलेटवाले नाहीत असा तालुका नाही, त्यामुळे हा मिळतो. घेताना बाजूला 'ट्यूबलेस' छापलंय का तेवढं वाचा.

---

पांदणवाला

भाऊ, पांदणीचं मी सांगतो. पावसाळ्यात चढत्या पावसात काळ्या मातीत कोनतीच गाडी चालत नाही, १५० असो का ४५०. चिखल टायरवर चढते, मडगार्डमध्ये जाऊन बसते, अन् पुढचं चाक फिरनंच बंद होते. मंग इंजिनात किती पॉवर हाय त्याले काही अर्थ नाही, क्लच प्लेटी जळतात फक्त. वास आला का समजजा.

तर शोरूममधी गेले का खाली वाकून पायजा, पुढच्या टायरच्या अन् मडगार्डच्या मधात दोन बोटं जातात का. नाही गेली तर १०-१५ मिमीचे स्पेसर टाकून मडगार्ड वर घेता येते, त्याचे बोल्ट तेवढे लांब घेजा. चेनकव्हरच्या आतली माती रोज संध्याकाळी लाकडी काडीनं काढजा, वाळली का सिमेंट होते. अन् प्रेशर वॉशर रेडिएटरवर सरळ मारू नोका, जाळीचे पत्रे आडवे होतात. बादलीनं पानी टाकजा, इंजिनच्या बाजूनं बाहेर.

वावरात जायले जुनी १०० सीसी ठेवता येत असंल तर ठेवजा. दोन दिवस उघाड भेटली का मंग मोठी काढा.

---

सिरोंचा_रोड

कोणी ४११ बद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. साडेतीन लाखांच्या बजेटमध्ये चांगली ४११ घेऊन वर दीड लाख शिल्लक राहू शकतात, हा मार्ग उगाच सोडू नये. ४११ सीसी, हवा आणि ऑइलवर थंड होणारं इंजिन, ३२ न्यूटन-मीटर, ८०० मिमी सीट, २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स, १५ लिटर टाकी. गावातला जुना मिस्त्री हात लावू शकेल अशी या यादीतली ही एकच. वजन मात्र २०० च्या घरात, पाच गिअर आणि ९० नंतर धाप लागते. २०२३ च्या शेवटी बंद झाली.

२०१६-१७ च्या पहिल्या गाड्या टाळा. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाची) घ्या. बघताना असं करा:

सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सेंटर स्टँडवर लावा, मागून कोणीतरी दाबून पुढचं चाक उचलू द्या आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. मध्यावर कट्ट असा खड्डा लागला तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला आहे. तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मग पुढचं चाक खालून धरून पुढे-मागे हलवा, खटका लागला तर कोनसेट सैल किंवा फोर्कचे बुश. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, ऑइल लागलं तर सील. मागचं चाक आडवं हलवून बेअरिंग तपासा. स्पोकवर पान्ह्याने टकटक करत एक फेरी मारा: ताणलेला स्पोक टिंग वाजतो, सैल असला की थप्प आवाज येतो. शेवटी बॅश प्लेटच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) मागून टॉर्च मारून फ्रेमच्या जोडांवर ताजा रंग आहे का बघा.

कागद: दुसऱ्या आरटीओची, म्हणजे एमएच-२९ सोडून कुठलीही असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मालकी बदलायला २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. चलनं परिवहनच्या साइटवर नंबर टाकून आधीच बघा, पैसे नंतर.

---

दारव्हा_धुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. ४५० यादीतून काढली. एक्सपल्स २१० हलकी आहे, पण मागे सौ. आणि सामान म्हटल्यावर मन होत नाही. आता व्ही-स्ट्रॉम आणि ४११ मध्ये अडकलो. दोनच प्रश्न राहिले. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत गाडीचं काय करायचं? आणि मागे माणूस-सामान असताना मागचा शॉक किती कसायचा? इथला मिस्त्री म्हणतो, 'फुल्ल टाईट करून टाका.'

---

काळी_माती_२९

उन्हाचं आधी. तुमच्या आता राहिलेल्या दोन्ही गाड्यांत रेडिएटरचं पाणी नाही, दोन्ही ऑइलवर थंड होतात. म्हणजे ऑइल हेच तुमचं कूलंट. दर ५०० किमीला पातळी बघा: इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करून तीन-चार मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी धरा आणि मगच इंजिनवरच्या ऑइलच्या काचेत बघा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. ऑइल कूलरच्या जाळीत ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा बसतो, तो मऊ ब्रशने काढा. उन्हाळा लागण्याआधी हे झालं पाहिजे.

(ज्यांच्याकडे रेडिएटरवाली आहे त्यांच्यासाठी: कमी झालं म्हणून बोअरचं पाणी ओतू नका. आपलं पाणी जड आहे, आत खपली धरते आणि पुढच्या मे मध्ये पंखा बंदच होत नाही. तयार मिश्रण घ्या, अडचणीत डिस्टिल्ड पाणी.)

टायरची हवा पहाटे, गाडी न चालवता मोजा. दुपारी गरम टायर मोजून 'जास्त झाली' म्हणून सोडली तर रात्री ती कमी भरते, आणि कमी हवेचा टायरच उन्हात जास्त तापून फुटतो. एअर फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर काढून बघा. कागदी फिल्टर आतून बाहेर फुंकायचा, बाहेरून आत नाही.

---

सिरोंचा_रोड

शॉकबद्दल: 'फुल्ल टाईट' चुकीचं. पूर्ण कसला तर एकटे असताना मागचं चाक खड्ड्यात उसळतं आणि मुरमावर पकड सोडतं. मोजून लावायचा.

दोन माणसं मदतीला घ्या. मागचं चाक हवेत उचलून ॲक्सलच्या मध्यापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत सरळ वर टेपने माप घ्या. खुणेला चिकटपट्टी लावा म्हणजे जागा हलणार नाही. मग तुम्ही दोघं प्रवासाच्या कपड्यांत बसा, सामान बांधलेलं असू द्या, गाडी दोन-तीनदा दाबून सोडा आणि तिसऱ्याने तेच माप पुन्हा घ्यावं. दोन मापांतला फरक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश हवा. मॅन्युअलमध्ये १८० मिमी लिहिलं असेल तर ६० च्या आसपास. ८० आला तर एक-दोन पायऱ्या कसा. व्ही-स्ट्रॉमला मागे सात पायऱ्या आहेत, टूलकिटमधला हूक पाना लागतो. एकट्याची आणि दोघांची पायरी शोधून सीटखाली लिहून ठेवा. मागे शॉक बदलला की हेडलाइट वर-खाली होतो, तोही रात्री भिंतीवर मारून नीट करा.

तुमचे प्रवास बघता मी व्ही-स्ट्रॉम म्हणेन. कारण वहिनी सोबत आहेत आणि भामरागडच्या रस्त्यावर सगळ्यात मोठी अडचण पंक्चर असते. ट्यूबलेस, हलकी, १८ टक्क्यांत. एक उणीव लक्षात असू द्या: मागचं एबीएस बंद करायची सोय तिच्यात नाही, त्यामुळे मुरमाच्या उतारावर ब्रेक लवकर सोडला जातो. उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवरच उतरा. टाकी १२ लिटरची. आलापल्लीला भरूनच पुढे निघा, अर्धी आहे म्हणून पुढे ढकलू नका. आणि पावसाळ्यात जाऊच नका, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा.

---

स्पोक_आणि_ट्यूब

घ्यायचं ठरलंच असेल तर खर्चाचा क्रम: आधी हेल्मेट आणि जॅकेट-हातमोजे, मग धातूची बॅश प्लेट, हँड गार्ड, क्रॅश गार्ड, १२ व्होल्टचा कंप्रेसर आणि पट्टीचं किट. टॉप बॉक्स शेवटी. घेतला तरी कॅरिअरवर लिहिलेल्या किलोच्या आत भरा, खराब रस्त्यावर त्याच्या पट्ट्या वेल्डिंगपाशी तुटतात. जड वस्तू सीटच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, जितक्या खाली तितकं बरं.

जादा दिव्यांच्या मागे लगेच लागू नका. दिवा कितीही असला तरी संध्याकाळनंतर रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर बाजूच्या पिकातून सरळ चाकासमोर येतात, आणि कापसाची बंडी मागे लाल दिव्याशिवाय असते. दारव्हा-यवतमाळ अंधार पडल्यावर ५०-५५ च्या वर नको.

डिलिव्हरी दिवसा घ्या. चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी स्वतः जुळवा, टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्ष वाचा (म्हणजे २५२५ असेल तर २०२५ चा २५ वा आठवडा), दोन्ही चाव्या चालवून बघा आणि बॅटरीची वॉरंटी पावती मागा. पहिल्या ५०० किमीनंतर चेनचा ताण, हँडलचे आणि ॲक्सलचे नट मिस्त्रीकडून तपासून घ्या. चेनचा ताण दोघं बसल्यावर वाढतो, म्हणून मॅन्युअलच्या मधल्या आकड्यापेक्षा किंचित सैलच ठेवा. घट्ट चेनने गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं, आणि त्यासाठी अख्खं इंजिन उघडावं लागतं.